पूर्ण वाक्यात

मुलीने कोरा पेपर दिला होता. वर्गाच्या बाईंनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि मी वाचीन म्हणून जरा थांबल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं की त्यात वाचण्यासारखं काही नाही. वरच्या चौकटीत नाव, इयत्ता, विषय. इतिहास-भूगोल. खाली नुसत्या रेघा. मी पान उलटलं, आतही रेघाच. मग मी तो कागद उचलला आणि खिडकीच्या उजेडात तिरका धरला. ही माझी सवय आहे. चष्म्याच्या काचेवर ओरखडा असला तर तो समोरून दिसत नाही, काच अशी तिरकी धरावी लागते. मला वाटलं, एखादं अक्षर सुरू करून सोडलं असेल, पेन टेकवून उचललं असेल, तर निदान दाब दिसेल. दाब नव्हता. खालच्या कोपऱ्यात, जिथे मनगट टेकतं तिथे, कागद किंचित मऊ पडला होता एवढंच. म्हणजे हात तिथे होता. बराच वेळ होता.

“त्या दिवशी बरं नव्हतं का तिला?” बाईंनी विचारलं.

“बरं होतं. डबा संपवला होता.”

डब्याचं कशाला सांगितलं कुणास ठाऊक. बायको गेल्यापासून मुलीबद्दल कुणी काहीही विचारलं की मी ती काय जेवली ते सांगतो. तेवढंच मला खात्रीने माहीत असतं.

“बाकीचे पेपर चांगले लिहिलेत हो,” बाई म्हणाल्या. “गणितात तर मला वाटलं नव्हतं इतके आहेत. हाच एक.” हा विषय कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. शिक्षकांच्या खोलीत त्यांची आणि माझ्या बायकोची खुर्ची शेजारी-शेजारी होती. दोघी एकमेकींच्या डब्यातलं खायच्या आणि घरी येऊन ही मला त्यांच्या भाजीत मीठ कमी असतं म्हणून सांगायची. “तीन तास बसून होती. रडली नाही, झोपली नाही. मी दोनदा जवळ जाऊन उभी राहिले. प्रश्नपत्रिका वाचत होती. अगदी मन लावून वाचत होती, गोष्टीचं पुस्तक वाचतात ना, तशी. एकदा तर हसली.”

“हसली?”

“मला तरी तसं वाटलं.” त्यांनी पेपर परत स्वतःकडे ओढला. “हे बघा, मी हा अजून वर दाखवलेला नाही. सोमवारी लायब्ररीत बसवते आणि परत घेते. प्रश्न तेच ठेवते. पण तेव्हाही कोरा आला तर मग माझ्या हातात काही नाही. बोर्डाला बसू द्यायचे नाहीत. वर्ष जाईल पोरीचं.” आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “त्या असत्या तर आपल्याला असं बसावंच लागलं नसतं.” मी मान हलवली. त्या असत्या तर, असं सुरू होणारी वाक्यं लोक मला फार ऐकवतात. मी प्रत्येक वेळी मान हलवतो.

शाळेतून मी पायी चष्म्याच्या दुकानाकडे, माझ्या कामावर निघालो आणि चालता चालता माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. पोरीचे डोळे गेलेत. म्हणजे नंबर आला असणार. डोळे तपासायच्या धंद्यातल्या माणसाचं असंच होतं, कुणाचं काहीही बिनसलं की त्याला आधी नंबर दिसतो. शेजारच्यांचा घटस्फोट झाला तेव्हाही मी हिला म्हणालो होतो की त्या माणसाला जवळचं दिसत नाही, किती दिवस सांगतोय. ही हसून हसून पलंगावर आडवी झाली होती. पण माझं म्हणणं एवढंच होतं की ज्याला वाचायला त्रास होतो तो चिडका होतो, आणि ज्याला दिसत नाही तो ते कबूल करत नाही. हे मी रोज बघतो. लोक डोळे तपासायला येतात आणि परीक्षेला बसल्यासारखे बसतात. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मी एक काच घालतो, काढतो, दुसरी घालतो, विचारतो, हे बरं की आधीचं? तर घाबरून माझ्याच तोंडाकडे बघतात, कुठलं उत्तर बरोबर आहे म्हणून. एक ट्रकवाला तर बाहेरच्या बाकावर बसून आतला तक्ता पाठ करून आला होता. डाव्या डोळ्यावर झाकण ठेवलं, उजव्यावर ठेवलं, दोन्हींवर ठेवलं असतं तरी त्याने शेवटची ओळ म्हटली असती. मी त्याला म्हटलं, अहो, पास होऊ नका, रस्त्यात माणसं असतात. हे हिला सांगितलं तेव्हा ही म्हणाली, “तुमची परीक्षा बरी. जो नापास होतो त्याचंच भलं होतं.”

ही स्वतः पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा नोकरीला नुकतीच लागली होती. फळ्यावर लिहिलेलं मागून नीट दिसत नाही म्हणाली. मी खुर्चीत बसवलं, दिवा मालवला, तक्ता लावला आणि विचारलं, तिसऱ्या ओळीतलं दुसरं अक्षर? लोक म्हणतात, ग. किंवा म्हणतात, दिसत नाही. ही म्हणाली, “तिसऱ्या ओळीतलं दुसरं अक्षर मला दिसत नाही.” मी चौथ्या ओळीचं विचारलं. “चौथ्या ओळीतलं पहिलं अक्षर प असावं, पण मी ते खात्रीने सांगू शकत नाही.” मी अंधारात हसलो. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तुम्ही फार नीट बोलता. तर म्हणाली, दिवसभर पोरांना सांगते ना, पूर्ण वाक्यात उत्तर द्या, प्रश्नातले शब्द उत्तरात आले पाहिजेत, आता मलाच सवय लागलीय. मी चष्म्याचा नंबर काढायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लावला. दोनदा लावलेली काच तिसऱ्यांदा लावली. तिच्या ते लक्षात आलं होतं, हे मला लग्नानंतर कळलं.

घरी पुढच्या खोलीत ती शिकवायची. शिकवणी म्हणजे मोठी नव्हे, वर्गात मागे पडलेली चार-सहा पोरं यायची. पोरांना धडे येत असायचे, पण पेपर लिहिता यायचा नाही. ती म्हणायची, माहीत असणं वेगळं आणि विचारल्यावर देता येणं वेगळं. मी आत बसून फ्रेमचे स्क्रू पिळत असायचो आणि ते सगळं माझ्या कानावर पडायचं. प्रश्नपत्रिका हातात आली की लगेच लिहायला लागू नका, आधी सगळी वाचा, ओळखीची माणसं कोण कोण आलीत बघा. त्यांच्याशी आधी बोला. अनोळखी पाहुण्याला बसू द्या जरा, नंतर विचारू, कुठून आलात म्हणून. जोड्या लावताना ज्या जोडीची खात्री आहे ती आधी जुळवून टाका, गर्दी कमी होते, उरलेली आपोआप एकमेकांकडे बघायला लागतात. चूक की बरोबर विचारलं आणि वाक्यात ‘नेहमी’ किंवा ‘कधीच नाही’ असलं, तर सावध राहा, जगात नेहमी आणि कधीच असं फारसं काही नसतं. कारणे द्या म्हटलं की वाक्यातली गोष्ट परत सांगत बसू नका. वाळवंटात रात्री थंडी पडते, कारण वाळवंटात रात्री फार गार होतं, हे कारण नव्हे, ही तक्रार झाली. पोरं हसायची. हसण्यात आमच्या मुलीचा, ठकीचा आवाज असायचा. तिचं खरं नाव शाळेतच वापरतात, घरी ती जन्मल्यापासून ठकीच. लहान होती तेव्हापासून ती त्या पोरांमध्ये बसायची, आणि मोठी झाल्यावर त्यांच्यातलीच एक झाली.

ठकीच्या आईचा आवाज मला आठवत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ती काय म्हणाली ते शब्द आठवतात, हात आठवतात, खडू लागून बोटांच्या टोकांना पडलेला कोरडेपणा आठवतो, चष्मा कपाळावर सारून डोळे चोळायची ती रीत आठवते. पण शब्द आठवले की ते माझ्याच आवाजात आठवतात. मी मनाने दवाखान्यातल्या तिच्या शेवटच्या खोलीत परत परत जाऊन बसतो आणि ऐकायचा प्रयत्न करतो. भिंतीला फिकट हिरवा रंग होता, पलंगाची कड उचलायला एक दांडा होता आणि तो फिरवला की करकरायचा. ते करकरणं मला स्वच्छ ऐकू येतं. त्या दांड्याशी मी होतो तेव्हा तिने मागून विचारलं, “अहो, मी गेल्यावर तुम्ही काय करणार?” मी म्हटलं, काहीतरीच काय विचारतेस. ती म्हणाली, “उत्तर द्या.” मी म्हटलं, करीन काहीतरी. “पूर्ण वाक्यात. प्रश्नातले शब्द कुठायत?” मी तिच्याकडे बघितलं तर ती हसत होती, पण वाट बघत होती. प्रश्नातले शब्द घ्यायचे म्हणजे ‘तू गेल्यावर’ असं सुरू करावं लागलं असतं. ते काही माझ्याच्याने होईना. मी दांडा फिरवत राहिलो, पलंग नको इतका वर गेला, ती बसती झाली आणि म्हणाली, “अहो, पुरे. छताला लागेन.” मग नर्स आली.

रविवारी दुकान बंद असतं. मालकांकडून किल्ली मागून घेतली. ते म्हणाले, सुट्टीच्या दिवशी कुणाचं काम काढलं? मी म्हटलं, घरचंच गिऱ्हाईक आहे. ते म्हणाले, मग पैसे घेऊ नका, आणि स्वतःच मोठ्याने हसले. जेवणं झाल्यावर मी ठकीला म्हटलं, चल, डोळे तपासू. ती म्हणाली, “माझे डोळे चांगले आहेत, बाबा.” मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात. ती चप्पल घालून निघाली. पेपरबद्दल मी काही बोललो नव्हतो, ती बोलली नव्हती. वाटेत तिने मला दोनदा रस्त्याच्या कडेला ओढलं, कारण मी गाड्यांकडे न बघता तिच्याकडे बघत चाललो होतो, ती पाट्या वाचताना डोळे बारीक करते का ते.

आतल्या खोलीत खुर्ची, समोर आरसा, मागे तक्ता. ठकीला बसवून मी तपासणीची जाड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. ती फ्रेम लोखंडी आहे, जड आहे, ती घातली की कुणीही म्हाताऱ्या हिशेबनिसासारखं दिसतं. मी दिवा मालवला. तिने एका डोळ्याने शेवटची ओळ वाचली, दुसऱ्या डोळ्याने शेवटची ओळ वाचली. मग तक्त्याच्या खाली छापखान्याचं नाव असतं बारीक, तेही वाचलं. मी मुद्दाम एक चुकीची काच घातली आणि विचारलं, हे बरं की आधीचं? “आधीचं. हे काय, पाण्यातून बघितल्यासारखं दिसतंय.” तिला नंबर नव्हता. अर्धासुद्धा नव्हता. मी काच काढून डब्यात तिच्या खाचेत ठेवली आणि मला एकदम बसावंसं वाटलं. गिऱ्हाइकाच्या पिशव्या ठेवायचं स्टूल होतं त्यावर बसलो. डोळ्यांचं काही असतं तर मी काहीतरी करू शकलो असतो.

“बाईंनी बोलावलं होतं ना तुम्हाला?” ती म्हणाली. अंधार होता, आरशात तक्ता उजळलेला होता, तिने फ्रेम काढली नव्हती.

“हो.”

“तुम्ही रागावला नाहीत.”

“नाही बुवा. मला कळलंच नाही कशावर रागवायचं ते. येत नव्हतं का काही?”

“सगळं येत होतं, बाबा.”

खुर्चीतल्या माणसाला वेळ द्यावा लागतो, हे मला कुणी शिकवलेलं नाही, पण येतं.

“प्रश्न वाचला ना, की आई बोलते,” ती म्हणाली. “म्हणजे भूत वगैरे नाही, तसं नका समजू. रिकाम्या जागा वाचल्या की लगेच म्हणते, ‘ठके, आधी पूर्ण वाक्य वाच गं, भोक दिसलं की लगेच बोट घालू नकोस.’ टिपा लिहा आलं की म्हणते, ‘टीप म्हणजे पाहुण्यांना आपल्या माणसाची ओळख करून देणं. नाव, गाव, काय करतो, आणि चांगलं काय. त्याचं लग्न कसं झालं ते नको.’” हे बोलताना ठकीचा आवाज जरा वर चढला आणि ‘ते नको’वर खाली उतरला. ही तशीच बोलायची. वाक्याच्या शेवटी अशी उतरायची, पायरीवरून उतरल्यासारखी. “फरक सांगा आलं ना, तर म्हणते, ‘मधे रेघ मार. रेघ मारली की दोघं भांडत नाहीत.’ त्यालाच मला हसू आलं. बाई बघत होत्या.”

“मग लिहायचं ना ते,” मी म्हटलं, पण माझं लक्ष त्यात नव्हतं. मला आणखी ऐकायचं होतं.

“लिहिलं की संपतं.” ती आता फ्रेमशी चाळा करत होती. “मागच्या चाचणीत मी लिहिलं होतं, आई गेल्यावर लगेच झाली ती. चांगलं लिहिलं होतं. नंतर घरी ते प्रश्न परत वाचले, तर काहीच नाही. नुसते प्रश्न. कुणी काही बोललं नाही. म्हणून मग या वेळी म्हटलं, लिहायचंच नाही. एक प्रश्न वाचला, ऐकलं, पुढचा वाचला. परत पहिल्यापासून. तीन तास मस्त गेले, बाबा.” ‘मस्त’ म्हणताना तिचं नाक भरून आलं होतं. “मला माहितीय वर्ष जाईल. पण बोर्डाच्या पेपरात तर सगळंच असणार ना. सगळंच संपेल.”

पोरीला काय सांगावं? दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आई मनात असते, कुठे जात नाही. मला ते म्हणवेना. माझ्या मनात शब्द होते पण आवाज गेला होता, मग कोणत्या तोंडाने सांगू की जात नाही? आणि खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटत होता. तीन तास. मला तीन मिनिटं मिळाली असती तर मीही सगळे पेपर कोरे दिले असते. मी म्हटलं, “कारणे द्या, त्याला काय म्हणते?” आणि तिने सांगितलं. “नकाशावर दाखवा?” तेही सांगितलं, ‘आधी समुद्राला रंग दे, मग जमीन आपोआप वर येते.’ मी एकेक विचारत गेलो आणि ती त्या चढत्या-उतरत्या आवाजात सांगत गेली, आणि त्या बंद दुकानात, तक्त्याच्या उजेडात, आम्ही दोघं किती वेळ तसे बसलो ते मला सांगता येणार नाही. शेवटी तीच म्हणाली, “झालं. एवढेच प्रकार असतात.”

“कोरा पेपर आला तर काय, ते सांगितलं होतं का तुला?”

“म्हणजे?”

“म्हणजे तपासताना. बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे यायचे ना घरी.”

“ते मला नाही माहीत. मला हात लावू द्यायची नाही.”

ते गठ्ठे उन्हाळ्यात यायचे. जेवणाच्या टेबलावर ही आणि गठ्ठे, दुसऱ्या टोकाला मी आणि माझे स्क्रू. तिचा चहा गार व्हायचा, मी गरम करून आणायचो, तो परत गार व्हायचा. मधेच एखादं वाचून दाखवायची. एका पोराने सगळ्या जोड्या एकाच नदीशी लावल्या होत्या. ही म्हणाली, एकनिष्ठ आहे हो. एकाने कारण दिलं होतं, ‘कारण तसे पुस्तकात दिले आहे.’ तिने हसून लाल पेन खाली ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. मी ठकीला म्हटलं, “कोरा पेपर आला की ती शून्य द्यायची नाही. म्हणजे द्यायची, पण लगेच नाही. एकेक पान उलटायची. शेवटपर्यंत. मागचं कव्हरसुद्धा बघायची. एखाद्या पोराने घाबरून शेवटच्या पानावर काही लिहिलं असेल तर म्हणून. मग परत पहिल्यापासून. मी म्हणायचो, अगं, कोरा आहे तो, टाक बाजूला. तर म्हणायची, ‘मार्क द्यायला बसलेय हो मी, पण ठेवू कुठे? काहीतरी लिही रे बाळा, अर्धं वाक्य लिही. मला ठेवायला जागा दे.’”

ठकीने फ्रेम काढली. आरशातून माझ्याकडे बघत होती ती आता वळली.

“हे मी कधीच ऐकलं नव्हतं.”

“तू झोपलेली असायचीस. हे ती मला सांगायची.”

“‘ठेवायला जागा दे’ म्हणायची?”

“हो. आणि असं म्हणून त्या कोऱ्या पानावरून हात फिरवायची.”

“परत सांगा.”

मी परत सांगितलं. माझ्याच आवाजात सांगितलं, माझ्याकडे दुसरा नाही. पण ठकीने ते ओठातल्या ओठात तसंच म्हणून बघितलं, आणि तिच्या तोंडून ते शेवटाला अगदी बरोबर उतरलं. मी ऐकलं. हिने ते म्हटल्याला वर्षं झाली होती आणि मी ते ऐकलं.

“आणखी काय काय आहे तुमच्याकडे?” तिने विचारलं, जसं काही मी खिशात लपवून ठेवलं होतं.

मी तिला दवाखान्यातलं सांगितलं. सांगणार नव्हतो. पोरीला सांगण्यासारखं ते नव्हे असं मला वाटत आलं होतं. दांडा, पलंग, छताला लागेन म्हणाली ते. ठकी त्यावर हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही एकदमच. मग नाक पुसून म्हणाली, “मग उत्तर काय दिलंत?”

“राहिलंच ते. नर्स आली.”

“आता द्या.”

“आता कुठे...”

“बाबा. मी गेल्यावर तुम्ही काय करणार? पूर्ण वाक्यात.” तिने ते तिच्या आईसारखंच विचारलं, आणि तशीच वाट बघत बसली.

मी उठून दिवा लावणार होतो. लावला नाही. म्हटलं, “तू गेल्यावर मी...” आणि थांबलो. मग परत सुरुवात केली. “तू गेल्यावर मी सकाळी ठकीचा डबा करतो, त्यात मीठ कधी जास्त होतं कधी कमी. दुकानात जातो. लोकांना विचारतो, हे बरं की आधीचं. ते म्हणतात, हे. घरी येतो. तुझी बाजू झटकून चादर घालतो.” एवढं झाल्यावर मला आणखी काही सुचेना. “आणि काय करणार? तू गेल्यावर मी एवढंच करतो.”

ठकीने हातातली फ्रेम काचांच्या डब्याशेजारी ठेवली. मग म्हणाली, “पाचपैकी तीन. मुद्दे कमी आहेत. आणि तुम्हाला ‘काय करणार’ विचारलंय, तुम्ही ‘काय करतो’ लिहिलंत.”

“करणारचं येत नाही मला अजून.”

“मग सोडा जागा. नंतर लिहा,” ती म्हणाली आणि उठून तिनेच दिवा लावला. एकदम उजेड झाला तसे आम्ही दोघंही डोळे मिचकावायला लागलो. मी तिला हो-नाही काही विचारलं नाही. सोमवारी लिहिणार का, हे तोंडावर आलं होतं. कुलूप लावताना आलं, जिन्यात आलं, घरी भांडी घासताना आलं. विचारलं नाही.

सोमवारी मी अर्धी सुट्टी घेतली. लायब्ररी शाळेच्या टोकाला आहे, बाहेर व्हरांड्यात एक बाक. बाईंनी ठकीला आत नेलं, जाताना मला म्हणाल्या, तुम्ही इथे बसायची खरं तर गरज नाही. मी म्हटलं, हो, आणि बसलो. दार उघडं होतं पण मधे कपाट होतं, तिची फक्त पाठ आणि वेणी दिसत होती. पाठीवरून काही कळत नाही. लिहिणाऱ्याची पाठ आणि वाचणाऱ्याची पाठ सारखीच असते, हे मला त्या दिवशी कळलं. मी कोपराकडे बघत राहिलो. कोपर टेबलावर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं. शाळेची घंटा झाली, पोरं आली, ओरडली, पाणी प्यायली, गेली. कोपर तसंच. मला वाटलं, उठावं, आत जावं, सांगावं की वर्ष गेलं तर जाऊ दे, आपण काही उपाशी मरत नाही, ऐकत बस तू तुझं. आणि हेही वाटलं की जाऊन सांगावं, ठके, लिही, अर्धं वाक्य लिही. दोन्ही मला खरंच वाटत होतं. मी बाकाची कड धरून बसलो. थोड्या वेळाने बघितलं तर कोपर सरकलं होतं. मग वेणी सरकली. पान उलटल्याचा आवाज आला, मग कितीतरी वेळाने आणखी एका पानाचा. एकदा तिने मान वर करून छताकडे बघितलं, मला वाटलं संपलं, आता परत नुसती बसेल. पण ती मान खाली घालून परत लिहायला लागली, आणि तिची पाठ हलत होती. रडताना हलते तशी हलत होती, आणि कोपर पुढे पुढे जात होतं.

वेळ संपल्यावर बाई पेपर घेऊन बाहेर आल्या. मला पानं भराभर उलटून दाखवली. निळं निळं दिसलं. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि शिक्षकांच्या खोलीकडे निघून गेल्या.

ठकी बाहेर आली. बोटाला शाई, नाक लाल. मी तिची पिशवी घेतली, तिने घेऊ दिली. आम्ही फाटकाशी आलो.

“झाला?” मी विचारलं.

“झाला. पास होईन.” थोडी पुढे गेल्यावर म्हणाली, “एक सोडलाय.”

“आला नाही का?”

“येत होता.”

मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत चालली होती.

“किती मार्कांचा?”

“दोन.”

“दोन काय, जाऊ दे,” मी म्हटलं. रस्ता ओलांडायचा होता, आम्ही थांबलो. गाड्या जात होत्या. “काय म्हणाली त्याला?”

“सांगणार नाही.”

“बरं,” मी म्हटलं, आणि आम्ही रस्ता ओलांडला.